चार कोटी अंकांची मूळ संख्या आणि आपला सातबारा

दोन हा आकडा १३,६२,७९,८४१ वेळा लिहायचा, सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि उत्तरातून एक वजा करायचा. २१ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर झालेली विक्रमी मूळ संख्या ती हीच. ती ४,१०,२४,३२० अंकी आहे. शोधली ल्यूक ड्युरांट या अमेरिकी अभियंत्याने. तो पूर्वी ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीत होता. एक अंक दोन मिलिमीटर जागेत बसवून ही संख्या कागदाच्या पट्टीवर छापली आणि पट्टी कोल्हापूरच्या बिंदू चौकातून पुण्याच्या दिशेने उलगडत नेली, तर ८२ किलोमीटर लागतील. कराड मागे पडलं तरी अंक चालूच. सेकंदाला दोन अंक या वेगाने न थांबता वाचायला २३७ दिवस.

अशी बातमी आली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक, "रिकामटेकडे उद्योग." दुसरी, "आता बँकांचे व्यवहार आणखी सुरक्षित होणार." दोन्ही चुकीच्या, त्यातही दुसरी जास्त. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, बँकेची वेबसाइट, व्हॉट्सॲपचा निरोप या सगळ्यांच्या मागे मूळ संख्या आहेत हे खरं. पण त्या या नव्हेत. त्या चार कोटी अंकी नसतात, त्यांची बातमी होत नाही, आणि त्यांतल्या बऱ्याच तर कुणाला ठाऊक झाल्या की निकामी होतात.

गुळाचे रवे आणि चौकोनी मांडणी

शाहूपुरीतल्या एखाद्या गुळाच्या गोदामात बारा रवे, म्हणजे ढेपा, आहेत. जमिनीवर चौकोनी मांडायचे तर तीन ओळींत चार-चार बसतील, दोन ओळींत सहा-सहा बसतील. तेरावा रवा आला की पंचाईत. तेरा रव्यांची एकच सरळ रांग होते, दुसरा कुठलाच चौकोन जमत नाही. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः एवढेच विभाजक असतात ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३ अशा. बाकीच्या (१ सोडून) संयुक्त.

१ ला का सोडलं, हा शाळेपासूनचा प्रश्न. प्रत्येक संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात फोडता येते आणि ती फोड एकच असते: ६० म्हणजे २ × २ × ३ × ५, दुसरं काही नाही. १ ला मूळ मानलं तर पुढे हवे तेवढे १ चिकटवता येतील आणि 'एकच फोड' हा सगळा कणाच मोडेल. म्हणून १ बाहेर.

मूळ संख्या कधी संपत नाहीत, हे युक्लिडने सुमारे २,३०० वर्षांपूर्वी दाखवलं. तुमच्याकडच्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा, त्यात १ मिळवा. त्या उत्तराला तुमच्या यादीतल्या कुणानेच भाग जात नाही, म्हणजे यादीबाहेर कुणीतरी आहेच. इथे एक चूक नेहमी होते. 'गुणाकार अधिक एक' ही संख्या स्वतःच मूळ असते असं लोक समजतात. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३०,०३१, आणि ती ५९ × ५०९ आहे. युक्लिड एवढंच म्हणतो की नवा अवयव सापडेल. सापडलेही, दोन.

पुढे पुढे विरळ, पण किती?

१०० पर्यंत २५ मूळ संख्या, १,००० पर्यंत १६८, दहा लाखांपर्यंत ७८,४९८. प्रमाण घसरत जातं, पण अगदी सावकाश. एक कामचलाऊ नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: संख्या जितकी अंकी, त्याला २.३ ने गुणा. त्या परिसरात साधारण तितक्यांत एक मूळ. शंभर अंकी संख्यांत २३० मध्ये एक. ३०९ अंकी संख्यांत ७१० मध्ये एक, आणि सम संख्या आधीच गाळल्या तर ३५५ मध्ये एक. हा ३५५ चा आकडा पुढे लागणार आहे.

मग भागून का बघत नाहीत?

लहान संख्येला तेच करतात. २२१ मूळ आहे का? वर्गमूळ १५ च्या आत, म्हणून २, ३, ५, ७, ११, १३ एवढ्यांनीच भागून बघायचं. १३ ने जातो: १३ × १७. वर्गमूळाच्या पुढे जायची गरज नाही, कारण जोडीतला एक विभाजक त्याच्या अलीकडे असतोच.

३०९ अंकी संख्येचं वर्गमूळ १५५ अंकी. सेकंदाला लाख कोटी भागाकार करणारं यंत्र विश्वाच्या जन्मापासून चालू असतं, तरी आजवर त्याचे ३० अंकी आकड्याइतकेच भागाकार झाले असते. १५५ अंकांपुढे ते काहीच नाही. हा रस्ता बंद.

दुसरा रस्ता आपल्याला गुजरीत दिसतो. सोनार दागिना वितळवून बघत नाही. कसोटीच्या दगडावर घासतो, आम्लाचा थेंब टाकतो, रंग बघून सांगतो. आत नेमकं काय मिसळलंय ते त्याला सांगता येणार नाही. शुद्ध नाही एवढं मात्र कळतं. संख्यांसाठी असा कस फ्रान्सच्या फर्माने १६४० मध्ये सांगितला. संख्या मूळ असेल, तर २ चा 'त्या संख्येपेक्षा एकने कमी' इतका घात घेऊन त्याच संख्येने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे. (संख्या २ सोडून कुठलीही.) ७ घ्या: २ चा ६ वा घात ६४, त्याला ७ ने भागलं, बाकी १. आता १५: २ चा १४ वा घात १६,३८४, त्याला १५ ने भागलं, बाकी ४. कस लागला नाही. १५ संयुक्त.

या उदाहरणात काय झालं ते नीट बघा. ३ आणि ५ आपण शोधलेच नाहीत, तरी १५ मूळ नाही हे सिद्ध झालं. संख्या संयुक्त आहे हे कळणं आणि तिचे अवयव सापडणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम मोबाइलमधली चिप क्षणात करते. दुसरं, पुरेशा मोठ्या संख्येसाठी, आजचे सगळे संगणक मिळूनही करू शकत नाहीत. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा. सातबाऱ्यावरची स्वाक्षरी या दोन कामांमधल्या दरीत उभी आहे.

एवढा मोठा घात काढायचा कसा, ही शंका रास्त आहे. एकेक गुणाकार करत जायचं नसतं. वर्ग करत जायचं: २, ४, १६, २५६... प्रत्येक पायरीला घात दुप्पट होतो, आणि प्रत्येक पायरीनंतर भागून फक्त बाकी ठेवली की आकडा फुगत नाही. ३४० वा घात आठ वर्ग आणि तीन गुणाकारांत निघतो. घात अर्धा-अर्धा करत जायची ही युक्ती आपल्याकडे पिंगलाच्या छंदःसूत्रात आहे. तिथे ती लघु-गुरूंचे प्रकार मोजायला वापरली आहे.

कसालाही फसवणारे असतात

३४१ घ्या. २ चा १० वा घात १,०२४, आणि १,०२४ = ३ × ३४१ + १. म्हणजे दहाव्या घाताला बाकी १, मग ३४० व्या घातालाही बाकी १. कस उत्तम लागला. पण ३४१ = ११ × ३१. मुलामा दिलेलं पितळ! २ च्या जागी ३ घेऊन कस लावला की बाकी ५६ येते आणि सोंग उघडं पडतं. त्याहून बेरकी संख्याही आहेत. ५६१ (३ × ११ × १७) ही, तिच्याशी सामाईक विभाजक नसलेला कुठलाही आकडा घेतला तरी फर्माच्या कसाला उतरते.

म्हणून प्रत्यक्षात मिलर आणि राबिन यांची सुधारलेली कसोटी वापरतात. तिच्यात अटी जास्त कडक आहेत. दर वेळी यादृच्छिक आकडा घेऊन कस लावला, तर संयुक्त संख्या निसटायची शक्यता फार तर चारात एक. चाळीस वेळा लावला तर १ वर २४ शून्यं इतक्यांत एक.

"म्हणजे शंभर टक्के नाहीच ना?" नाही. पण तितक्या वेळात चिपमध्येच चुकून एखादा बिट (शून्य किंवा एक) उलटण्याची शक्यता याहून मोठी आहे. आणि शंभर टक्के खात्रीच्या पद्धतीही आहेत. संभाव्यतेचा टेकू न घेता आणि कुठलीही सिद्ध न झालेली गोष्ट गृहीत न धरता, कुठल्याही संख्येसाठी आटोक्यातल्या वेळात निश्चित उत्तर देणारी पहिली पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी मांडली. सिद्धांत म्हणून ती मैलाचा दगड आहे. रोजच्या कामात मात्र मिलर-राबिनच वापरतात, कारण ती कितीतरी वेगवान आहे.

विक्रमी संख्या बहुतेक वेळा 'दोनाचा घात वजा एक' का असते?

कारण हिशोब सोपा पडतो. ४,५६,७८९ ला ९९९ ने भागल्यावर बाकी किती? भागाकार नकोच. तीन-तीन अंकांचे तुकडे करा: ४५६ + ७८९ = १,२४५. पुन्हा: १ + २४५ = २४६. हीच बाकी. नऊने भाग जातो का ते अंकांची बेरीज करून बघतो, त्याचाच हा थोरला भाऊ. ९९९ म्हणजे १,००० वजा १, म्हणून जमतं. संगणक शून्य-एकच्या द्विमान पद्धतीत मोजतो. तिथे '२ चा घात वजा १' ही संख्या म्हणजे नुसती एकांची रांग असते आणि भागाकाराच्या जागी तुकडे पाडून बेरीज पुरते.

अशा संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. फ्रेंच धर्मगुरू मर्सेनने १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांची यादी दिली, तिच्यात पाच चुका होत्या: ६७ आणि २५७ उगाच घेतले, ६१, ८९ आणि १०७ राहून गेले. ६७ व्या घाताची संख्या १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार आहे, हे १९०३ मध्ये अमेरिकेच्या फ्रँक कोलने दाखवलं. ती संयुक्त आहे हे एदुआर ल्युकाने १८७६ मध्येच सिद्ध केलं होतं. अवयव मिळायला पुढची २७ वर्षं लागली. तीच दरी.

मर्सेन संख्या मूळ असायची तर घात स्वतः मूळ असावाच लागतो. ६ घेतला तर द्विमान पद्धतीत १११११ च्या पुढे आणखी एक १, असे सहा एक; ते १११ × १००१ असे सरळ फुटतात (६३ = ७ × ९). गंमत अशी की दशमान पद्धतीतही १,११,१११ = १११ × १,००१ च असतं. देवळालीचे गणिती कापरेकर यांना प्रिय असलेल्या डेम्लो संख्या अशाच एकांच्या रांगांभोवती फिरतात. पण घात मूळ असला म्हणजे काम झालं असं नाही: ११ मूळ आहे, तरी २,०४७ = २३ × ८९.

मर्सेन संख्येसाठी ल्युका आणि लेहमर यांची खास कसोटी आहे, आणि ती कागदावर करून बघण्यासारखी आहे. ४ पासून सुरुवात. प्रत्येक पायरीला वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा. घात वजा दोन इतक्या पायऱ्यांनी शून्य आलं तर मूळ, नाहीतर नाही. घात ७, संख्या १२७, पायऱ्या ५: १४, ६७, ४२, १११, ०. मूळ. घात ११, संख्या २,०४७, पायऱ्या ९: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १,८७७, २४०, २८२, १,७३६. शून्य नाही, म्हणजे संयुक्त.

ड्युरांटच्या संख्येसाठी अशा १३,६२,७९,८३९ पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला चार कोटी अंकी आकड्याचा वर्ग. शाळेतल्या पद्धतीने एका वर्गाला सुमारे १,६८० लाख कोटी छोटे गुणाकार लागतील. म्हणून फूरिये रूपांतराची पद्धत वापरतात, जिच्यात काम प्रचंड घटतं. पण ती दशांशात चालते आणि उत्तर शेवटी जवळच्या पूर्णांकाला न्यावं लागतं. १७.०२ आलं तर १७, प्रश्न नाही. १७.४८ आलं तर? इथेच गणना घसरते, आणि तेरा कोटी पायऱ्यांत एक चूक पुढचं सगळं वाया घालवते. दुसरा शत्रू म्हणजे मेमरीतला उलटलेला एक बिट, तापलेलं कार्ड, जादा वेगाने पळवलेला प्रोसेसर.

यावरचा तोडगा हंगेरीच्या रॉबर्ट गेर्बिट्सने २०१७ मध्ये दिला. मधल्या टप्प्यांच्या बाक्यांचा एक चालता गुणाकार बाजूला ठेवायचा आणि ठरावीक अंतराने तो दुसऱ्या वाटेने पडताळायचा. जुळला नाही तर मागच्या खात्रीच्या टप्प्यावर परत. दुकानातला गल्ला रात्री एकदाच न मोजता दर तासाला मोजण्यासारखं. ही पडताळणी ल्युका-लेहमरला लागू होत नाही, फर्माच्या कसाला होते. म्हणून क्रम असा: आधी लहान अवयव शोधून बहुतेक उमेदवार बाद करायचे, मग फर्माचा कस, आणि त्यात टिकला तरच ल्युका-लेहमर, वेगवेगळ्या यंत्रांवर आणि वेगवेगळ्या प्रोग्रॅमने. या वेळी ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या ग्राफिक्स कार्डावर पहिला कस लागला आणि १२ तारखेला टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या कार्डावर मूळपणा सिद्ध झाला. हे सगळं चालवणारा गिम्प्स हा स्वयंसेवकांचा प्रकल्प १९९६ पासून आहे. त्याच्या यादीतली ही ५२ वी मर्सेन मूळ संख्या. पण मधले सगळे घात दोनदा तपासून झालेले नाहीत, त्यामुळे '५२ वी' म्हणजे 'सापडलेल्यांतली ५२ वी'.

मग बँकेला तिचा उपयोग काय?

शून्य. गुपित कुलपासाठी जगजाहीर संख्या घेणं म्हणजे घराची किल्ली महाद्वार रोडवर टांगून ठेवणं. शिवाय चार कोटी अंकांच्या किल्लीने साधी स्वाक्षरी करायलाही यंत्र धापा टाकेल.

'रिकामटेकडे उद्योग' या पहिल्या प्रतिक्रियेचं उत्तर मात्र वेगळं. असे हिशोब यंत्रांना उभे-आडवे तासतात. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपमधला भागाकाराचा दोष थॉमस नाइसली यांना सापडला, तो जोडमूळ संख्यांच्या (११ आणि १३ सारख्या, दोनच्या अंतराने येणाऱ्या) व्यस्तांची बेरीज करताना. २०१६ मध्ये इंटेलच्याच स्कायलेक चिपमधला दोष गिम्प्सच्या प्रोग्रॅमने उघडा केला. नवा संगणक जुळवल्यावर तो तापून बंद पडतो का हे बघायला दुकानदार तोच प्रोग्रॅम रात्रभर चालवतात. बक्षीस म्हणाल तर ड्युरांटचं ३,००० डॉलर. दहा कोटी अंकी पहिल्या मूळ संख्येला दीड लाख डॉलर ठेवलेले आहेत.

सातबाऱ्यावरची स्वाक्षरी कशी चालते

इथे १९७७ ची आरएसए पद्धत येते. खेळण्यातल्या आकड्यांनी करून बघू. दोन मूळ संख्या घ्या: ३ आणि ११. गुणाकार ३३, हा जाहीर करायचा. (३ − १) × (११ − १) = २०; हा लपवायचा. आता असे दोन आकडे हवेत ज्यांच्या गुणाकाराला २० ने भागल्यावर बाकी १ उरेल: ३ आणि ७ चालतात. ३ जाहीर, ७ गुप्त. (३३ आणि ३ मिळून जाहीर किल्ली, ७ ही गुप्त किल्ली.)

कागदाचा मजकूर एका ठरलेल्या प्रक्रियेने आटवून त्याचा एक आकडा करतात; समजा ४ आला. सही करणारा ४ चा ७ वा घात काढतो, १६,३८४, आणि ३३ ने भागून बाकी ठेवतो: १६. ही सही. तपासणारा १६ चा ३ रा घात काढतो, ४,०९६, ३३ ने भागतो: बाकी ४. जुळलं. कुणी क्षेत्रात एक गुंठा वाढवला तर आटवलेला आकडा ४ चा ५ होईल, सही तपासल्यावर मात्र ४ च निघेल, आणि चोरी पकडली जाईल. खोटी सही करायची तर ७ हवा, ७ साठी २० हवा, २० साठी ३३ चे अवयव हवेत. ३३ चे कुणीही काढेल. खऱ्या सहीत ३३ च्या जागी ६१७ अंकी संख्या असते. 'फोडून दाखवा' म्हणून जाहीर केलेल्या आव्हान-संख्यांपैकी २०२० मध्ये फोडलेली २५० अंकी संख्या ही मोठी मजल, आणि तिला एका प्रोसेसर-गाभ्याची सुमारे २,७०० वर्षं इतकी मेहनत लागली.

व्यवहारातली एक सूचना. ही सही पीडीएफ फाइलमध्ये असते. प्रिंट काढली की गणित कागदावर येत नाही, तिथे उरतं फक्त सहीचं चित्र. कागद हातात असेल तर त्यावरचा पडताळणी क्रमांक पोर्टलवर टाकून बघावा. आणि फाइल उघडल्यावर सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणजे सातबारा खोटा, असं नव्हे. तुमच्या पीडीएफ वाचकाला भारतातल्या मूळ प्रमाणन संस्थेवर विश्वास ठेवायला अजून सांगितलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ बहुतेक वेळा असतो.

अशी मूळ संख्या येते कुठून?

कुठल्या यादीतून नाही. यंत्र १,०२४ यादृच्छिक बिट उचलतं, त्यांची ३०९ अंकी संख्या होते. सर्वांत वरचे दोन बिट १ करतं, म्हणजे दोन संख्यांचा गुणाकार पूर्ण २,०४८ बिटांचा, म्हणजे ६१७ अंकी होतो; शेवटचा बिट १ करतं, म्हणजे संख्या विषम. मग लहान मूळ संख्यांनी भागून बघतं, टिकली तर मिलर-राबिन. नापास झाली तर पुढची. सरासरी ३५५ विषम संख्यांत एक लागते. म्हणून किल्ली बनवताना यंत्र कधी पटकन उत्तर देतं, कधी थांबवून ठेवतं. दोन्ही संख्या एकमेकींच्या फार जवळ नाहीत ना, तेही बघावं लागतं. ८,०५१ फोडा बरं: ९० चा वर्ग ८,१००, त्यातून ८,०५१ गेले ४९, म्हणजे ७ चा वर्ग. झालं, (९० − ७) × (९० + ७) = ८३ × ९७. जवळजवळच्या जोड्या कितीही मोठ्या असोत, अशाच सुटतात.

दोघांना एकच मूळ संख्या मिळाली तर?

१,०२४ बिटांच्या मूळ संख्या १ वर ३०५ शून्यं यापेक्षा जास्त आहेत. दिसणाऱ्या विश्वातले अणू १ वर ८० शून्यं एवढेच. प्रामाणिकपणे उचलल्या तर दोघांची गाठ पडणार नाही. 'प्रामाणिकपणे' हा शब्द मात्र महत्त्वाचा.

२०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो जाहीर किल्ल्या गोळा करून जोडीजोडीने मसावि काढला. हजारो किल्ल्यांत एक मूळ संख्या सामाईक निघाली. कारण साधं: राउटरसारखी छोटी यंत्रं पहिल्यांदा चालू होतात तेव्हा त्यांच्याकडे यादृच्छिकपणाचा साठाच नसतो, म्हणून एकाच कारखान्यातली यंत्रं सारख्याच आकड्यापासून सुरुवात करतात. आणि मसावि काढायला अवयव लागत नाहीत. १८७ आणि १४३ घ्या: १८७ − १४३ = ४४; १४३ ला ४४ ने भागलं, बाकी ११; ४४ ला ११ ने पूर्ण भाग जातो. मसावि ११. दोन्ही कुलपं उघडली: ११ × १७ आणि ११ × १३. सातवीच्या गणिताने.

२०१७ मध्ये दुसरा प्रकार घडला. एका चिपमधला प्रोग्रॅम वेळ वाचवायला मूळ संख्या एका ठरावीक साच्यातून काढत होता. साचा ओळखल्यावर अवयव काढणं आवाक्यात आलं. एस्टोनियाला सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांची प्रमाणपत्रं स्थगित करावी लागली. संख्या मूळ होत्या, पुरेशा मोठ्या होत्या, आणि तरीही कुचकामी.

साचा कुठे चालतो?

जिथे मूळ संख्या लपवायचीच नसते तिथे. व्हॉट्सॲप ज्या वक्रावर (एका ठरलेल्या समीकरणावर) दोन फोनांच्या किल्ल्या जुळवतं, त्याची मूळ संख्या '२ चा २५५ वा घात वजा १९' आहे, ७७ अंकी आणि पूर्ण जाहीर. गुपित तिथे दुसऱ्याच आकड्यात असतं. हा साचा निवडला तो ९९९ वाल्या युक्तीसाठीच: तुकडे पाडा, वरच्या तुकड्याला १९ ने गुणून खालच्यात मिळवा, बाकी तयार. अमेरिकेच्या प्रमाणित वक्रांपैकी एकात तर खरीखुरी मर्सेन मूळ संख्या बसली आहे, २ चा ५२१ वा घात वजा १.

आणि क्वांटम संगणक आला की?

मग आरएसए आणि हे वक्र दोन्ही गेले. अवयव झटपट काढायची क्वांटम रीत पीटर शोरने १९९४ मध्येच लिहून ठेवली आहे. ती मोठ्या किल्लीवर चालवेल असं यंत्र मात्र अजून नाही. त्याआधीच कुलपं बदलायची म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे विक्रमी संख्येच्या दोनच महिने आधी, नवी मानकं जाहीर केली. त्यांचा भरवसा अवयवांवर नाही. तरी त्यातल्या किल्ली-जुळणीच्या मानकात एक मूळ संख्या आहेच, आणि ती आहे ३,३२९. चारच अंकी, १३ × २५६ + १. वर्गमूळ ५८ च्या आत, तेव्हा ५३ पर्यंतच्या सोळा मूळ संख्यांनी भागून बघितलं की झालं. मिसळच्या बिलाच्या मागे मावेल.